पाच वाजता उभी असलेली माणसं

स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि सगळ्यांनी गॅदरिंग, क्रिकेट, कँटीनचे समोसे आधीच वाटून घेतले, तर मी आपला मॉरल सायन्सच्या तासाबद्दल लिहितो. त्या तासाला मी निम्मा वेळ खिडकीबाहेर बघत असायचो ही गोष्ट वेगळी.

आपली मिशनची शाळा, त्यामुळे बायबलच्या गोष्टी सगळ्यांनाच पाठ, मग तुम्ही इंदूरच्या परदेशीपुऱ्याचे असा की रामबागेचे. टीचर मराठी ख्रिस्ती होत्या, वर्गात हिंदी बोलायच्या पण मला रागवायचं असलं की मराठीत. एकदा त्यांनी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली, मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली. मालक पहाटे मजूर घेतो, एक दिनार ठरवून. मग नऊला, बाराला, तीनला परत नाक्यावर जाऊन आणखी घेतो आणि शेवटी पाचला जे उभे असतात त्यांनाही घेतो. संध्याकाळी हिशोब शेवटच्यापासून सुरू होतो आणि तासभर काम केलेल्यालाही पूर्ण दिनार, दिवसभर उन्हात मेलेल्यालाही तेवढाच.

मी उठून म्हटलं, टीचर ही तर चीटिंग आहे! माझे बाबा मिलमध्ये, पहिला भोंगा व्हायच्या आत गेटवर हजर असणारे, त्यामुळे मी अर्थात पहाटवाल्यांच्या युनियनचा. टीचरनी एवढंच विचारलं, पाच वाजता जे भेटले ते सकाळी कुठे होते रे? मी म्हटलं, झोपले असतील. वर्ग खूप हसला, मी पण.

पुढे बाबांची मिल बंद पडली. इंदूरच्या मिलवाल्या घरांना हे काय सांगायचं, एकट्या हुकुमचंद मिलचंच बघा, १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा चेक निघाला २०२३ च्या डिसेंबरात, तोवर कितीतरी लोक गेलेसुद्धा. (अनंत चतुर्दशीच्या मिलांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, मात्र मिल बंद पडल्या तरी निघतच राहिल्या, हा आपला इंदूरी हट्ट.) बाबांची मिल दुसरी होती, पण कहाणी तीच.

मी आता छोटामोठा कॉन्ट्रॅक्टर आहे. मजूर चौकात सकाळी सातला जायचं, तगडी पोरं बघायची, गाडीत बसवायची, हे रोजचंच. दोन वर्षांपूर्वी एका स्लॅबला माणसं कमी पडली म्हणून दुपारी तीनला परत गेलो. एक म्हातारा भिंतीला टेकून उभा होता, हातात स्टीलचा डबा. मी म्हटलं, अभी तक यहीं हो? तो म्हणाला, किसी ने लिया नहीं साब. किती पैसे वगैरे काही न विचारता गाडीत चढला.

गाडी चालवता चालवता डोक्यात आलं की हे तर मी ऐकलंय. मालक विचारतो, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. 'दिवसभर' हा शब्द गोष्टीत तेव्हाही होता, मीच खिडकीबाहेर बघत होतो. आणि तेही काही न ठरवताच जातात, कारण तोवर भाव करायची ताकद कुणात उरलेली असते? एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि घरची चूल काही तासाच्या हिशोबाने अर्धी पेटत नाही.

त्या म्हाताऱ्याला मी अर्ध्या दिवसाचीच दिहाडी दिली, खोटं कशाला सांगू. रात्री मात्र झोप आली नाही, बाबाच डोळ्यांपुढे. मिल बंद झाल्यावरही ते भोंग्याच्याच वेळी डबा घेऊन निघायचे, मिळेल ते काम करायचे आणि काम मिळो न मिळो, घरी यायचे मिल सुटायच्या वेळीच. आम्ही पोरं काही विचारायचो नाही. आईसुद्धा विचारायची नाही, ती नुसता डबा हातात घेऊन बघायची. ज्या दिवशी काम मिळालं नसेल त्या दिवशी तो जसाच्या तसा भरलेला परत यायचा.