एवढ्याशा नांगरावर विश्वास कसा बसतो?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या घरच्या मोटरबोटीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: मोकळ्या पाण्यात इंजिन बंद करायचे, मुलाबाळांसह तासन्‌तास निवांत बसायचे, आणि हा सगळा भार हाताने उचलता येईल एवढ्या नांगरावर सोपवायचा, हे धाडस होते तरी कसे? माझे उत्तर असे की नांगराच्या वजनावर माझी भिस्त नसतेच. नांगर धरतो तो तळात रुतल्यामुळे, आणि रुतून राहतो तो त्याच्यावरची ओढ आडवी असल्यामुळे. ही ओढ आडवी राहावी यासाठी किती साखळी सोडायची, याचा विचार आमच्याकडे सकाळी निघण्यापूर्वीच सुरू झालेला असतो.

आमच्या दिवसाची आखणी उलट्या दिशेने होते. आधी नांगर टाकण्याची जागा ठरते, मग वाट. निघताना वारा पडलेला असला तरी ऊन तापल्यावर समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो, म्हणून आडोसा शोधायचा तो दुपारच्या वाऱ्यापासून. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवायच्या. इंधनाचे तीन भाग धरायचे, एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव. बोटीच्या पोटात पेट्रोलचे इंजिन असेल तर ते सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा चालवून आत साठलेली वाफ बाहेर काढायची. यात घाई करणाऱ्याच्या बोटीत मी पाऊल ठेवणार नाही. प्रवासाबद्दल मात्र फारसे सांगण्यासारखे नाही. वेग वाढवला की बोट पाण्यावर उचलली जाते, मुले खूश होतात आणि इंधन भराभर संपते.

खरे काम जागेवर पोहोचल्यावर सुरू होते. आधी संथपणे एक फेरी मारून खोली पाहायची, तळ कसला आहे ते पाहायचे आणि आधीपासून उभ्या असलेल्या बोटी वारा फिरल्यावर कुठवर वळतील याचा अंदाज घ्यायचा. वाळू किंवा घट्ट चिखल उत्तम. खडकात नांगर अडकून बसण्याची भीती असते. पाणगवतात तो नीट धरत नाही, शिवाय उचलताना गवत मुळासकट उपटतो. माशांच्या पिलांचा तो निवारा आहे, म्हणून आम्ही गवतावर नांगर टाकतच नाही.

मग बोटीचे तोंड वाऱ्याकडे करून ती थांबवायची आणि नांगर अलगद खाली सोडायचा. तो भिरकावला आणि साखळीचा ढीग त्याच्यावर पडला, तर ती त्यातच गुंतते. नांगर तळाला टेकला की बोट वाऱ्याने मागे सरकू द्यायची आणि ती सरकेल तसतशी साखळी सोडत जायची. समजा, पाणी ४ मीटर खोल आहे, साखळी बोटीच्या पुढच्या टोकावरून पाण्यापासून १ मीटर उंचीवर बाहेर पडते आणि भरतीने पाणी आणखी २ मीटर चढणार आहे. ही बेरीज ७ मीटर होते आणि तिच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडायची. नुसता दोर असेल तर सातपट, कारण दोर हलका असतो आणि साखळीसारखा तळावर पडून राहत नाही. अनेक जण फक्त पाण्याची खोली मोजतात आणि भरती विसरतात, तिथेच हिशेब चुकतो.

यानंतर बोट मागे ओढली जाईल असे इंजिन उलटे चालवून हळूहळू जोर वाढवायचा आणि साखळीवर हात ठेवायचा. नांगर तळावरून घसरत असेल तर हाताला खरखर जाणवते, साखळी ताणली जाते, सैल पडते, पुन्हा ताणली जाते. नांगर रुतला की ती खरखर थांबते आणि साखळी एकसारखी ताठ राहते. त्याच वेळी काठावरच्या, एकामागे एक असलेल्या दोन स्थिर खुणा पाहायच्या. त्या एका रेषेतून हलल्या नाहीत, तरच इंजिन बंद करायचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे आता शांत आहे म्हणून ही तपासणी टाळणे मला मुळीच मान्य नाही.

नांगराच्या आकाराचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. जी. आय. टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी, जे स्वतः शिडाच्या बोटीचे शौकीन होते, १९३३ मध्ये शेतीच्या फाळासारखा नांगर पुढे आणला. ओढ बसेल तसा तो तळात आणखी शिरतो, त्यामुळे कमी वजनात अधिक पकड मिळते.

नांगर धरल्यावरही काही गोष्टी पाळाव्या लागतात. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या बोटीने दिवसा पुढच्या भागात काळा गोळा आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो. वाहतुकीच्या वाटांपासून आणि नांगर टाकण्याच्या नेहमीच्या जागांपासून दूर असलेल्या, ७ मीटरपेक्षा लहान बोटींना यातून सूट आहे. छोट्या बोटीचा नांगर मागच्या बाजूने कधीही बांधू नये, कारण ती बाजू बुटकी असते आणि लाटा थेट आत येऊन बोट बुडू शकते. कोणी पाण्यात उतरणार असेल तर इंजिन बंद हवे आणि किल्ली काढून खिशात ठेवलेली हवी. बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याच्या पात्यांचा धोका सर्वांना ठाऊक असतो, पण चालू इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या मागे साठतो आणि त्याला वास नसतो, हे मी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतो.

परतताना आडव्या ओढीचा हाच नियम उलटा वापरायचा. नांगर उचलण्याच्या यंत्राने साखळी ओढून बोट खेचायची नाही. इंजिनाने संथपणे पुढे सरकत, सैल झालेली साखळी आत घेत, नेमके नांगराच्या डोक्यावर यायचे. साखळी उभी झाली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि मघाशी इंजिनाच्या जोराला दाद न देणारा नांगर सहज सुटून येतो. मुले तोवर साखळीवरच्या रंगाच्या खुणा मोजून उरलेले मीटर मोठ्याने सांगत असतात, आणि सुकाणूवर बसून पुढचे काहीच न दिसणाऱ्या माणसाला त्या आवाजाचा फार आधार असतो.