ग्रानादाचा अल्हाम्ब्रा: मेन तिकीट संपलेलं असताना आम्ही सगळा कसा बघितला

स्पेनला जायचं ठरल्यावर ज्याला विचारावं तो बार्सेलोना सांगत होता, पण मला ग्रानादाच हवं होतं, आणि ग्रानादा म्हणजे अल्हाम्ब्रा, टेकडीवरचा तिथल्या मुस्लिम सुलतानांचा किल्ला आणि राजवाडे. आईबाबा बरोबर येणार होते, त्यामुळे तिकडे जाऊन बघू असं चालणारच नव्हतं. हे तिकीट आपल्याकडच्या किल्ल्यासारखं दारात काढायचं नसतंच. आत रोज किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं आणि सीझनला सगळं कित्येक आठवडे आधी संपतं.

आधी रचना समजून घ्या, नाहीतर साईटवर गोंधळ होतो. आत मुख्य तीन भाग आहेत: अल्काथाबा म्हणजे जुना किल्ला, नासरी राजवाडे म्हणजे नासरी घराण्याच्या सुलतानांचे महाल, ज्याच्यासाठी जग तिथे येतं ते, आणि हेनेरालिफे म्हणजे सुलतानांचा उन्हाळी महाल आणि बागा. जनरल तिकिटात तिन्ही येतात, पण राजवाड्यांना तिकिटावर छापलेली ठरावीक वेळ असते, ती चुकली की आत घेत नाहीत, मग तुम्ही कुठूनही आलेले असा. आम्ही मे महिन्यासाठी बघत होतो आणि आमच्या सगळ्या तारखांना जनरल तिकीट संपलेलं. बाकी ठिकाणी गाईडसकट पॅकेजेस दिसत होती, पण तिघांचा खर्च बघून ती मी बाजूला ठेवली.

मग मी अधिकृत साईटवर तिकिटांचे बाकीचे प्रकार शांतपणे वाचत बसले, आणि तिथेच रस्ता सापडला. एक तिकीट असतं फक्त बागा, हेनेरालिफे आणि अल्काथाबाचं, दिवसाचं. आणि दुसरं असतं नासरी राजवाडे रात्री बघायचं. दोन्ही घेतली की सगळं झालं! दोन्ही उपलब्ध होती. लगेच घेतली.

पैसे भरताना एक गोष्ट, आपल्या कार्डांवर परदेशातले ऑनलाइन व्यवहार मुळात बंदच असतात, २०२० पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे बसायच्या आधीच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा. आणि प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर पासपोर्टवर आहे तस्संच भरा, कारण दारावर मूळ पासपोर्ट बघतात, आमचे राजवाड्याच्या दाराशीही बघितले.

आता रात्रीबद्दल. मे महिन्यात तिथे नऊनंतर सूर्य मावळतो, रात्रीची व्हिजिट दहाला सुरू. गर्दी खूपच कमी. मर्टल नावाच्या झुडपांच्या कुंपणामधल्या लांबट हौदात कोमारेसचा बुरुज जसाच्या तसा उलटा दिसतो, ४५ मीटर उंच बुरुज, आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. तिथून सिंहांच्या चौकात. १२ संगमरवरी सिंह, भोवती १२४ खांब, चौदाव्या शतकात सुलतान पाचव्या मुहम्मदाने बांधलेला, आणि कारंज्याच्या कडेवर इब्न झमरक नावाच्या कवीची कविता कोरलेली, तीही पाण्यावरच. बाबा पाटबंधारे खात्यात होते, आयुष्य कालव्यांवर गेलं, ते त्या कारंज्याशी उभे राहिले ते हलेचनात. एवढ्या टेकडीवर पाणी आणलं कुठून, हाच प्रश्न.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिवसाच्या तिकिटात मिळालं. दारो नदीचं पाणी वरच्या बाजूला काही किलोमीटरवर अडवून डोंगराच्या कडेकडेने पाटाने आणलंय, पंप नाही काही नाही, नुसता उतार सांभाळून, तेराव्या शतकात. हेनेरालिफेच्या मुख्य चौकाच्या मधोमध तोच पाट वाहतो. वर एक जिना आहे, त्याच्या दोन्ही कठड्यांच्या पन्हळीतून पाणी खाली येतं, आईने पूर्ण जिना पाण्यात हात धरून उतरला. बाबा म्हणाले, "अगं, हा उतार काढणाऱ्याला माझा नमस्कार."

रात्रीच्या तिकिटात जातं काय तेही सांगते. राजदूतांच्या दालनाचं देवदाराचं छत, ८,०१७ लाकडी तुकड्यांचं, सात स्वर्ग दाखवणारं, ते अंधारात नीट दिसत नाही. भिंतींच्या टाइल्सचे रंगही नाहीत. म्हणून जनरल मिळत असेल तर जनरलच घ्या. पण नाही मिळालं म्हणून ग्रानादा रद्द करणारे लोक मला भेटलेत, तसं अजिबात करू नका.

नंतरच्या ख्रिस्ती राजाचा, पाचव्या चार्ल्सचा राजवाडा याच आवारात आहे, बाहेरून चौकोनी, आत गोल चौक, आणि तिथे जायला तिकीटच लागत नाही. चढण टाळायची असेल तर खालून छोट्या लाल बस वर जातात, आईच्या गुडघ्यांना त्याचा फार आधार झाला. सान निकोलासच्या कट्ट्यावरून समोर अख्खा अल्हाम्ब्रा दिसतो, तिथे मात्र वेगळी संध्याकाळ ठेवा, त्याच दिवशी रात्रीची व्हिजिट असेल तर धावपळ होते. साक्रोमोन्तेच्या गुहांमधला फ्लामेंको बघाच, इतकी छोटी जागा की पायांचा ठेका बाकातून अंगात येतो. ग्रानादात ड्रिंकबरोबर खायला फुकट देतात, पण त्यात बऱ्याचदा हॅम असतं, आधीच सांगा. शाकाहारी लोकांनी उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी मागवावीत, आम्ही रोज तीच खाल्ली.

आणि जून-जुलैत जाणार असाल तर तारखा ठरवायच्या आधी ग्रानादाच्या संगीत-नृत्य महोत्सवाचा कार्यक्रम बघा, १९५२ पासून चालू आहे, मैफली पाचव्या चार्ल्सच्या राजवाड्यातल्या गोल चौकात होतात आणि बॅले हेनेरालिफेच्या उघड्या रंगमंचावर. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.