लगाम

"ताई, लगाम सोडा. त्याला वाट माहितीये."

घोडेवाल्या काकांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे हात सैल केला. तर बादल थेट पेव्हर ब्लॉक सोडून कडेच्या लाल मातीत! मला धडकी. काका शांत. "ब्लॉकवर नाल ठोकलेला पाय घसरतो ना, म्हणून."

माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपलेला भाग आहे. बाहेरून येणाऱ्या गाड्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात. त्यामुळे पुढे झाडीत आवाज फक्त टापांचा, आणि माझ्या "हळू, हळू"चा.

उतरताना सहज विचारलं, "काका, तुम्ही स्वतः फिरता का याच्यावर? नुसतं, हौस म्हणून?"

ते हसले. "दिवसभर माणसं वाहतो तो. संध्याकाळी मीपण चालतो, तोपण चालतो."

घोडा त्यांचा, वाटही त्यांच्या रोजच्या पायाखालची. मी तासाभराचे पैसे देऊन वर बसले आणि 'घोडेस्वारी!' म्हणून स्टेटस टाकलं.

आत्ता फोटो बघतेय. एकाही फोटोत काका नाहीत. एकात तेवढा कोपऱ्यात दोरी धरलेला हात आलाय, तोही मी क्रॉप करणार होते.