ए-क्लास कॅट, २० नॉट वारा आणि वरच्या मार्कचं वळण

सध्या माझ्या ए-क्लास कॅटवर (एकट्याने चालवायची, दोन हलची म्हणजे दोन तरंगत्या अंगांची शिडाची बोट) सगळा सराव एकाच गोष्टीवर चाललाय, जोराच्या वाऱ्यात वरचा मार्क, म्हणजे रेसमधला वाऱ्याच्या दिशेचा बोया, वळणं. वाऱ्याकडे चढत जाणं आता छान बसलंय, ट्रॅपीझवर (डोलकाठीला बांधलेल्या तारेवर) बाहेर लटकायचं, झोत आला की शीट (शीड आवळायची दोरी) हातभर सोडायचं, गेला की परत ओढायचं, लय लागली की मजाच मजा. पण मार्कला बोट वाऱ्यापासून वळवताना मधे एक पट्टा येतो, वारा आडवा असतो तिथे, आणि रेसमधले निम्मे लोक तिथेच उलटे होतात.

कारण साधं आहे. बोट ५.४९ मीटर लांब पण वजन जेमतेम ७५ किलो, त्यावर जवळपास १४ चौरस मीटर शीड. वारा १० चा २० नॉट (ताशी सागरी मैल) झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, आणि त्या पट्ट्यात तो सगळा जोर खालच्या, म्हणजे वाऱ्यापासून लांबच्या हलचं नाक पाण्यात दाबतो.

आता मी काय करतो ते सांगतो. मार्क यायच्या बऱ्याच आधी डाउनहॉल (शीड खाली ताणायची दोरी) पूर्ण खेचून शीड सपाट करून घेतो, कारण नंतर एका हातात टिलर (सुकाणूचा दांडा) एका हातात शीट, तिसरा हात कुठून आणणार. मग ट्रॅपीझवरच मागे सरकत मागचा पाय पार स्टर्नजवळच्या (मागच्या टोकाजवळच्या) स्ट्रॅपमध्ये अडकवतो, ट्रॅव्हलर (शीट अडकवलेली सरकती गाडी) थोडा खाली, म्हणजे वाऱ्यापासून लांबच्या बाजूला, पण मेनशीट, म्हणजे तेच शीट, घट्टच. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, शीट एकदम सोडलं की मास्ट (डोलकाठी) सरळ होते, शिडाला पोट येतं आणि नको तेव्हा ताकद वाढते. आणि वळायला लागलं की थांबायचं नाही, टिलर सावकाश पण सलग, अर्धवट वळून घुटमळलं की संपलं.

नजर पूर्ण वेळ खालच्या नाकावर. पाणी डेकच्या कडेला चाटायला लागलं तोवर ठीक, पण डेकवरून मागे बीमकडे (दोन्ही हल जोडणाऱ्या आडव्या दांड्याकडे) धावायला लागलं की अजून मागे सरकायचं, जागा असेल तेवढं. वळण पूर्ण झालं की नाक आपोआप वर येतं आणि बोट असली सुसाट सुटते ना, हात थरथरत असतात पण सोडवत नाही!

उलटलीच तर एकट्याने उभी करता येते, फक्त आधी नाकं वाऱ्याकडे फिरू द्यायची मग दोरीला लटकायचं. आता जाइबकडे (वारा मागून असताना शीड दुसऱ्या बाजूला नेत वळणं) वळतोय, त्यात ट्रॅम्पोलिनवरून (दोन हलमधल्या ताणलेल्या जाळीवरून) गुडघ्यांवर पलीकडे जाताना टिलर एक्स्टेंशन (टिलरला जोडलेली लांब काठी) शिडामागून फिरवणं अजून सफाईदार व्हायला हवं. तुम्ही कुणी एकटे चालवणारे ते कसं करता, सांगा नक्की.