पेंटियम थ्री जुन्या गेमसाठी सज्ज करताना: माझा अनुभव

पार्ट जमवण्याआधी मी गेमची यादी केली. १९९४ ते २००० या काळातले गेम, म्हणजे थोडे डॉसचे (विंडोजआधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टम), बाकी विंडोज ९८ चे. ४४० बीएक्स चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम आणि बाकी पार्ट जोडणाऱ्या इंटेलच्या चिपचा) मदरबोर्ड आणि पेंटियम थ्री प्रोसेसर एवढं त्यांना भरपूर आहे. इथे सर्वांत वेगवान पार्ट शोधण्यात अर्थ नाही, बोर्ड जो नीट ओळखेल तोच घ्यायचा.

आधी बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवून स्थिर ठेवणारे छोटे डबे) पाहिले. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल, तर बाकी खर्च करण्याआधी ते बदलावेत. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंश तापमान सोसणारे आणि लो ईएसआर (आतला विरोध कमी असलेले). सीआर२०३२ सेलही नवा घातला, कारण सेल उतरला की बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) सेटिंग पुसल्या जातात. पॉवर सप्लायचं लेबल वाचणं फार महत्त्वाचं. या काळातले बरेच बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून घेतात. नव्या सप्लायची बहुतेक ताकद १२ व्होल्टवर असते, म्हणून मोठा वॅटचा आकडा पाहून फसू नये. ५ व्होल्टवर २० अँपिअरच्या वर असलेला सप्लाय मी निवडला.

रॅममध्ये खरी गोम आहे. ४४० बीएक्स २५६ मेगाबिटच्या चिप पूर्ण वाचू शकत नाही. त्यामुळे ८ चिपची २५६ एमबीची पट्टी १२८ एमबीच दिसते, आणि लोक पट्टी खराब समजून टाकून देतात. १६ चिपची चालते. मी १२८ च्या ३ पट्ट्या घातल्या, एकूण ३८४ एमबी. ५१२ एमबीच्या वर गेलं की विंडोज ९८ चा डिस्क कॅशे (डिस्कवरचा डेटा रॅममध्ये जवळ ठेवणारा भाग) मेमरीचे पत्ते खाऊन टाकतो आणि भरपूर रॅम असूनही मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. तेव्हा सिस्टम.आयएनआय या विंडोजच्या सेटिंग फाइलमध्ये व्हीकॅशे या विभागाखाली मॅक्सफाइलकॅशे ही ओळ लिहून कॅशेला मर्यादा घालावी लागते. त्यापेक्षा कमी रॅम बरी.

हार्ड डिस्कऐवजी आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) अडॅप्टरवर ३२ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. अवॉर्ड कंपनीचे जुने बायोस साधारण ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क लावली की सुरू होतानाच अडकतात, शिवाय विंडोज ९८ चं मूळ एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) ६४ जीबीच्या वर आकार चुकीचा दाखवतं. ३२ वर दोन्ही कटकटी टळतात. सीडीवरचं विन९८ फोल्डर आधी कार्डावर कॉपी करून तिथूनच सेटअप चालवला. पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी सीडी शोधावी लागत नाही.

ग्राफिक्ससाठी वूडू ३ कार्ड, कारण यादीतले बरेच गेम ग्लाइडवर (वूडू कार्डांच्या स्वतःच्या ग्राफिक्स पद्धतीवर) सर्वांत चांगले दिसतात. ३२ बिट रंग आणि मोठी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) हवी असतील तर जीफोर्स २ कार्ड घ्यावं. एजीपीची (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटची) खाच मात्र तपासाच: ३.३ व्होल्टच्या कार्डाची खाच मागच्या पट्टीजवळ असते, १.५ व्होल्टची लांब. वूडू ३ हे ३.३ व्होल्टचं. नंतरच्या फक्त १.५ व्होल्टच्या बोर्डात ते लावल्यास बोर्ड जळू शकतो. वूडू ३ चा हीटसिंक इतका तापतो की बोट टेकवता येत नाही, म्हणून समोर ८० मिलिमीटरचा पंखा मंद वेगाने लावला. एजीपीशेजारचा पीसीआय स्लॉट (इतर कार्डांचा) रिकामा ठेवला. बहुधा दोघांचा आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी लाइन) एकच असतो.

आवाजासाठी आयएसए स्लॉटमध्ये (पीसीआयच्याही आधीच्या स्लॉटमध्ये) साउंड ब्लास्टर कार्ड. पीसीआय कार्डांचं डॉसमधलं अनुकरण बऱ्याचदा ईएमएम३८६ या डॉसच्या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असतं आणि काही गेमना ते अजिबात खपत नाही. ऑटोएक्झेक.बॅट (सुरू होताना चालणारी फाइल) मध्ये कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए (थेट मेमरीशी देवाणघेवाण करणारा मार्ग) १ आणि ५ दिले. सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंतची ४ पिनांची बारीक वायर विसरू नका. ती नसेल तर ज्या गेमचं संगीत सीडीच्या ऑडिओ ट्रॅकवर आहे, ते मुके होतात.

उरला वेगाचा प्रश्न. घड्याळाऐवजी प्रोसेसरच्या वेगावर चालणारे डॉस गेम इथे सुसाट पळतात. बायोसमध्ये एल१ कॅशे (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) बंद केला की पेंटियम थ्री जवळजवळ ३८६ या जुन्या प्रोसेसरइतका मंदावतो. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले काही प्रोग्राम सुरू होताच रनटाइम एरर २०० देऊन बंद पडतात. सुरुवातीची वेळमोजणी वेगवान प्रोसेसरवर कोलमडते, म्हणून हे घडतं. त्यावर फाइल पॅच करणं हाच टिकाऊ उपाय.