जुनी गाडी, उडालेलं हेड गॅस्केट आणि नागपुरात हरवलेलं हेड

माझ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, सगळा मे महिना नागपुरात होतं. नेमकं कुठं होतं, ते मात्र ज्यांच्या ताब्यात दिलं त्यांनाही सांगता येत नव्हतं. हेडखालचं गॅस्केट उडालं, पैसे गेले, त्याचा राग आता निवला. पण त्या हेड फेसिंगच्या (वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करण्याच्या) दुकानात "उद्या या न भाऊ" ऐकत घालवलेला वेळ अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. कापसाचे पैसे हातात आल्यावर नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून 2014 चं मॉडेल घेतलं. पेट्रोलची छोटी गाडी, रंग चकाचक, आतून अत्तर मारलेलं. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, इन्शुरन्स, आरटीओ, सगळं बिनबोभाट झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीनं काही त्रास दिला नाही.

एप्रिलच्या उन्हात घरच्यांना घेऊन गिरडला निघालो आणि टेम्परेचरचा काटा वर चढला. थांबलो, तासभर थंड होऊ दिली, तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली कोरडी. खाली वाकून पाहिलं तर जमिनीवर एक थेंब नाही. गाडी पाणी खाते पण गळत कुठंच नाही, ही पहिली खूण. रेडिएटरची कॅप इंजिन गरम असताना उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तापलेल्या इंजिनात लगेच थंड पाणी ओतणारेही कमी नाहीत. तेही करू नका, चांगलं हेड त्यानं चिरतं.

पुढं आठवडाभर ज्याला भेटावं त्याच्याकडं औषध तयार. एकानं पंख्याचा स्विच बदलला. दुसरा म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या इकडच्या उन्हात कायले लागते थे?" काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप. ती काढली की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि खरा आजार तसाच राहतो. तिसऱ्यानं ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि छातीठोक सांगितलं, "ऑइल साफ हाय, गॅस्केट एकदम ओके."

इथंच बहुतेक लोक फसतात. हेड गॅस्केट ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसतं आणि तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतं: सिलिंडरमधला दाबलेला गॅस, पाणी आणि ऑइल. पाणी ऑइलमध्ये शिरलं तरच झाकणाखाली दुधाच्या चहासारखा थर दिसतो. माझ्या गाडीत सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसत होता. ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ होतं. उलट थंडीच्या दिवसांत गाडी थोडी थोडीच चालली तर झाकणाखाली ओल धरून तसाच थर येतो आणि गॅस्केट मात्र ठणठणीत असतं. म्हणून नुसत्या झाकणावरून निकाल देऊ नका, आणि कोणी दिला तर ऐकू नका.

हिंगणघाटच्या मिस्त्रीनं मात्र मला सकाळी बोलावलं, रात्रभर उभी असलेली गाडी. स्टार्ट करायच्या आधी कॅप उघडली, मग स्टार्ट केली आणि मला आत पाहायला सांगितलं. बुडबुडे थांबायचं नाव घेईनात. मग बंद करून कॅप लावली, पुन्हा स्टार्ट केली आणि रेडिएटरचा वरचा पाइप माझ्या हातात दिला. मिनिटभरात पाइप दगडासारखा. पाणी अजून कोमटही नव्हतं, म्हणजे वाफ होणं शक्यच नाही. "गॅसच हाय भाऊ," तो म्हणाला. नंतर प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) लावला, शेजारशेजारच्या मधल्या दोन सिलिंडरचा दाब कमी. दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी गेलेली.

रेडिएटरचं पाणी सोडलं तेव्हा तळाला पिवळा गाळ आला. मिस्त्रीनं बोटावर घेऊन वास घेतला आणि हसला. हळद! जुन्या ट्रक ड्रायव्हरांची ती युक्ती. रस्त्यात रेडिएटरला बारीक भोक पडलं की मूठभर हळद टाकायची, घर गाठायचं. घर गाठायला ठीक आहे, गाडी विकायला नाही. आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण कुणी ती रेडिएटरमध्ये घालावी म्हणून खास मिळालेलं नाही. हळद डीलरनं टाकली की आधीच्या मालकानं, हे मला सिद्ध करता येत नाही. पण त्या गाळाचे फोटो मी काढून ठेवले, तुम्हीही ठेवा.

हेड उतरवलं. ॲल्युमिनियमचं हेड, एकदा नीट तापलं की वाकतं. मिस्त्रीनं सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातळ पान सारलं. मर्यादा 0.05 मिलिमीटरची, आणि माझ्या हेडखालून 0.15 चं पान अडखळल्याशिवाय निघून गेलं. म्हणजे फेसिंग आलं. काच आणि पॉलिश पेपरवर घासून देणारे इथंही आहेत, पण त्याला ते पसंत नव्हतं. त्याच्या ओळखीचं दुकान नागपूरला. हेड पोत्यात बांधून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पाठवलं. इथपर्यंत सगळं भराभर झालं.

मग फोन. "काम चालू हाय." दोन दिवसांनी तेच. मग लाइट नव्हती. मग मशीनवरचा कारागीर भाच्याच्या लग्नाला गेला. मेमध्ये विदर्भात लग्नं असतात हे मलाही मान्य आहे, पण हा कारागीर ज्या वेगानं लग्नं जेवत होता त्या वेगानं हेड घासली असती तर दुकान रिकामं झालं असतं. इकडं ब्लॉक उघडा पडलेला. मिस्त्री बिचारा सिलिंडरच्या भिंतींना ऑइल लावून वर कापड झाकून ठेवायचा, नाहीतर गंज धरतो. हेही लक्षात ठेवा, हेड बाहेर गेलं की मागं राहिलेल्या ब्लॉककडं कुणी पाहत नाही.

शेवटी जाम गावावरून एसटी धरली आणि गणेशपेठ स्टँडला उतरलो. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास, दुकानाचं शटर अर्धं खाली. आत जमिनीवर हेडच हेड. छोट्या गाड्यांची, ट्रॅक्टरची, एक भलंमोठं ट्रकचं. प्रत्येकाला तारेनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर बॉलपेननं नाव. निम्म्या पुठ्ठ्यांवर ऑइल उतरून अक्षरं विरघळलेली. मालक खर्रा घोटत होता. पन्नीवरून बोट न उचलता त्यानं विचारलं, "कोणाचं हेड?"

"माझं."

"गाडी कोणती?"

सांगितली. मिस्त्रीचं नाव सांगितलं. त्यानं त्या ढिगाऱ्यावरून नजर फिरवली. "टेस्टिंगले गेलं थे. उद्या या न भाऊ."

उद्या म्हणजे पुन्हा जामवरून एसटी. मी म्हटलं, टेस्टिंगचं दुकान दाखवा. दोन गल्ल्या पलीकडं निघालं. तिथला मुलगा म्हणाला, "आमच्याकडं आलंच नाही." परत इकडं. "आलं असंन, त्याले माहीत नसंन." परत तिकडं. त्या दिवशी मी हात हलवत घरी आलो. पुढच्या खेपेला "संध्याकाळी". त्याच्या पुढच्या खेपेला दुकान बंद, फोन बंद. मिस्त्री मला म्हणायचा, "चांगला माणूस हाय भाऊ, काम एक नंबर करते." काम एक नंबर असेलही, पण एका ओळीची वही ठेवायला काय जातं? तारीख, नाव, गाडी, हेड कुठं आहे. रेशन दुकानातही एवढं लिहितात.

मग एकदा फोन आला, सापडलं, या. गेलो. फेसिंग झालेलं, चमकणारं हेड काउंटरवर ठेवलेलं. पैसे काढणारच होतो, पण मिस्त्रीनं निघताना बजावलं होतं म्हणून त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "एक्झॉस्टच्या बाजूनं कोपऱ्यात पाहा, तीन पंचच्या खुणा दिसते काय?" हेड उतरवल्यावर त्यानं सेंटर पंचनं तीन टोले मारले होते, मी तेव्हा पाहत होतो आणि मनात म्हटलं होतं, हे कशाला? आता उलटंसुलटं करून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. एकही खूण नाही.

मालक म्हणाला, "हेड हेड सारखंच असते भाऊ, मॉडेल तेच हाय. घेऊन जा, फेसिंगबी झालं."

सारखं नसतं. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याच्यावरचे कॅप ज्या हेडवर बसतात त्याच हेडसोबत कारखान्यात बोर केलेले असतात. माझे कॅप आणि कॅमशाफ्ट हिंगणघाटला मिस्त्रीच्या डब्यात नंबर टाकून ठेवलेले. ते दुसऱ्याच्या हेडवर कसले असते तर कॅम अडकला असता किंवा थोड्या दिवसांत खाऊन गेला असता, आणि ज्याचं हेड मी नेलं असतं तो बिचारा माझ्यासारखाच कुठल्या तरी स्टँडवर ताटकळत असता. हे मालकाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, माझं मिळेपर्यंत इथंच बसतो. आवाज चढला, हे कबूल. दोन-तीन गिऱ्हाईकं थांबून ऐकायला लागली तसा त्यानं पोराला पिटाळलं.

हेड टेस्टिंगच्या दुकानातच होतं, बाकाखाली, टेस्टिंगची प्लेट अर्धी कसलेली. पुठ्ठा तुटून पडलेला, म्हणून कुणाचं ते कळेना, म्हणून कुणी हात लावला नाही. तीन खुणा जागेवर. मी तिथंच उभा राहून टेस्टिंग करून घेतलं. पाण्याचे मार्ग रबर आणि प्लेटनं बंद करतात, हवेचा दाब भरतात आणि गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. चीर असेल तर तिथून बुडबुडा येतो. गरम पाणी अशासाठी की बारीक चीर धातू तापल्यावरच उघडते. माझ्या हेडला चीर नव्हती. टेस्टिंग नेहमी फेसिंगच्या आधी करून घ्या. चिरलेल्या हेडला कितीही घासलं तरी पैसे पाण्यात.

आणि फेसिंगला किती वेळ लागला? चहा येईपर्यंत मशीन लावून झालं आणि चहा संपून थोड्या वेळात हेड माझ्या हातात. तासभरसुद्धा नाही. ज्या कामासाठी महिना गेला ते काम तासाभराचं. किती घासलं ते मी बिलावर लिहून मागितलं: 0.2 मिलिमीटर. त्याला ते जडच गेलं, पण लिहिलं. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि पुढच्या वेळी घासायला जागा उरत नाही, म्हणून हा आकडा कागदावर हवाच. बिलात टेस्टिंग दोनदा लावलं होतं. एक मी त्याच्याच पेननं खोडलं. हेड डिक्कीत दिलं नाही, मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं लगेजचं तिकीट मागितलं, आनंदानं दिलं.

पुढचं काम मिस्त्रीनं झटपट केलं. एका गोष्टीवर मात्र अडून बसलो: हेडचे बोल्ट नवे. "जुने चांगले हायेत न," तो म्हणत होता. पण माझ्या इंजिनाचे बोल्ट कसताना ताणले जाणारे आहेत, एकदाच वापरायचे. बोल्टच्या भोकांत पाणी-ऑइल साचलं असेल तर हवेनं उडवून कोरडं करून घ्या, नाहीतर कसताना ते द्रव दबून ब्लॉकच फुटू शकतो. कसायचे ते टॉर्क पान्यानं, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. अंदाजपंचे कसणाऱ्याच्या हातून पाना काढून घ्या. हळदीचा रेडिएटर धुऊन पाहिला, निम्म्या नळ्या बंदच, तो नवा टाकला. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. आमच्या बोअरचं पाणी भांड्यांना पांढरा थर धरतं, ते इंजिनात नको. सगळं मिळून 18 हजारांच्या आसपास गेले. त्यात फेसिंगचे 800.

गाडी घेण्याआधीचं राहिलंच. डीलरला आदल्या दिवशी सांगा की मी यायच्या आधी स्टार्ट करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडीत कॅप उघडून बुडबुडे पाहा, पाइप दाबून पाहा, पाण्याचा रंग पाहा. मग एसी लावून हायवेला अर्धा तास पळवा. एवढं करू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

माझ्या डीलरनं फोनवर सांगितलं, "गेटच्या बाहेर गाडी गेली की आपला संबंध संपला." स्टॅम्प पेपरवर "जशी आहे तशी" लिहिलंय हे खरं. पण धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्यावर ग्राहक कायदा लागतो. गावातल्या कुणाकडून घरगुती व्यवहारानं घेतली असती तर हा रस्ता नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली, मग वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षांची. हळदीचे फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे मिस्त्रीच्या सहीनिशी, फेसिंगचं बिल, सगळं जोडलं. अर्ज गेल्यावर डीलरचा स्वतःहून फोन आला, निम्मे देतो म्हणाला. पूर्ण, रेडिएटरसकट, असं मी सांगितलंय. तो म्हणाला, पार्टनरला विचारून उद्या कळवतो.