नाशिकच्या इतिहास-सहलीतील मोकळा वेळ : पांडवलेण्यांकडे पुन्हा एकदा

प्राचीन इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी आखलेल्या मार्गदर्शित सहलीबरोबर आम्ही पुण्याहून नाशिकला गेलो होतो. पांडवलेणी, पंचवटी, काळाराम मंदिर, गोदाघाट आणि परतीच्या वाटेवर सिन्नर असा भरगच्च कार्यक्रम होता. मार्गदर्शक जाणकार होते, परंतु मोठा गट बरोबर असला की एका लेण्यात थांबता येते ते जेमतेम काही मिनिटे. कार्यक्रमपत्रिकेत मात्र दुपारच्या जेवणानंतर, सायंकाळी आणि दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी असा बराच वेळ ‘मोकळा’ म्हणून सोडलेला होता. या वेळात आणखी ठिकाणे कोंबण्यापेक्षा जे घाईत पाहिले तिथेच पुन्हा जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकपुरते बोलायचे तर याचा अर्थ पांडवलेणी असाच होतो.

ही बौद्ध लेणी शहराच्या मध्यभागापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात आहेत. रिक्षा सहज मिळते, पण परतीचे आधी ठरवून घ्यावे, कारण पायथ्याशी सायंकाळी रिक्षासाठी ताटकळावे लागते. पायऱ्या चढायला साधारण वीस मिनिटे पुरतात. एकूण लेणी २४ असली, तरी दुसऱ्या भेटीत लेणे क्रमांक ३, १०, १८ आणि त्याला लागून असलेले १९ एवढीच पाहावीत. बरोबर चांगला टॉर्च ठेवावा आणि तो भिंतीवर समोरून न मारता एका कडेने तिरपा धरावा. सपाट, काळपट वाटणाऱ्या दगडावर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी त्या तिरप्या उजेडात ठळक उठून दिसतात. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रप या प्राचीन राजघराण्यांच्या कोरीव लेखांवर मराठीत सविस्तर लिहिले आहे. त्यातील नाशिकच्या लेखांची पाने ग्रंथालयातून मिळवून आदल्या रात्री वाचून ठेवली, तर लेण्यातला तास सार्थकी लागतो.

सुरुवात दहाव्या लेण्यापासून करावी. हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला दिले. त्याच्या लेखात नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवलेल्या कायम ठेवीचा तपशील आहे. दोन हजार कार्षापणे (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार कार्षापणे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवली होती. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट आहे. पहिल्या रकमेतून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी (वस्त्रासाठी) द्यायची होती. तिथेच उभे राहून हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे तेवढेच. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब असा पैशाला पैसा जुळतो, तेव्हा ज्या कारकुनाने तो मांडला त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे आणि पारदा, दमण, तापी, दाहनुका इत्यादी नद्यांवर विनामूल्य होड्यांची सोय केल्याचे सांगितले आहे. भडोच, सोपारा, डहाणू ही नावे आजही आपल्या रोजच्या बोलण्यात असल्यामुळे हा लेख परका वाटतच नाही. आत मागच्या भिंतीवर मुळात स्तूपाचे शिल्प होते. ते पुढे कोणीतरी तासून त्याची भैरवमूर्ती केली, तेही लक्षपूर्वक पाहावे.

त्यानंतर तिसऱ्या लेण्यात यावे. नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या घराण्याचे हे लेणे आहे. व्हरांड्याच्या मागील भिंतीवर त्याची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला असून त्यात तिने आपल्या मुलाला ‘खखरातवंस निरवसेसकर’, म्हणजे क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) वंश निःशेष करणारा, असे म्हटले आहे. मार्गदर्शक हे सांगतातच. ज्या गोष्टीसाठी वेळ उरत नाही ती त्याच व्हरांड्यात कोरलेली गौतमीपुत्राची दोन आज्ञापत्रे. अठराव्या राज्यवर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने (जमीन मोजण्याचे जुने माप) शेत भिक्षूंना द्यावे, असे कळवले. चोविसाव्या वर्षीच्या पत्रात आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही ओस आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजशेतातून शंभर निवर्तने द्यावीत, असा हुकूम आहे. कागदावर मिळालेली जमीन प्रत्यक्षात निरुपयोगी निघते आणि भिक्षूंना पुन्हा सरकारदरबारी दाद मागावी लागते, हे इतक्या थेटपणे सांगणारे प्राचीन लेख मला अन्यत्र क्वचितच आढळले आहेत. बाहेर पडताना जोत्याकडे पाहावे. सारा दर्शनी भाग खांद्यावर पेलून धरणारे यक्ष तिथे कोरलेले आहेत, आणि उभ्याने पाहणाऱ्याच्या ते सहज नजरेतून सुटतात.

अठरावे लेणे म्हणजे इथले एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, होय. त्याच्या दर्शनी भागावरील लेखात नाशिककरांच्या धंभिक गावाने हे दान दिल्याचा उल्लेख आहे. शेजारच्या एकोणिसाव्या लेण्यातील लेखात सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या काळी नाशिकच्या एका महामात्राने (उच्च अधिकाऱ्याने) ते लेणे करविल्याचे म्हटले आहे. शहराचे नाव इतक्या जुन्या अक्षरांत डोळ्यांनी पाहता येते, यासाठी तरी ही दोन लेणी चुकवू नयेत. डोंगरावर मधमाश्यांची पोळी असू शकतात, त्यामुळे उग्र अत्तर लावून जाऊ नये आणि गोंगाट टाळावा.

सायंकाळचा वेळ जुन्या नाशकात घालवावा. गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून या जागी वस्ती होती हे उजेडात आणले. आज तिथे फलक वाचून समजेल असे फारसे काही नाही. गढीच्या कडा ढासळत्या आहेत, म्हणून विशेषतः पावसाळ्यात ती खालच्या रस्त्यावरूनच पाहावी. जवळच्या सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा आहे, त्यात शासकीय संग्रहालय आहे. शासकीय संग्रहालये सोमवारी बहुधा बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. तिथून भांडी बाजारात पायीच जाता येते. सिंहस्थाच्या कामांमुळे घाटाकडचे रस्ते अधूनमधून वळवलेले असतात, तेव्हा बसच्या वेळेपूर्वी अर्धा तास हाताशी ठेवलेला बरा.

अर्धा दिवस मोकळा असेल, तर त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय पाहावे. निघण्यापूर्वी ते उघडे असल्याची चौकशी जरूर करावी. नाशिक जिल्ह्यातीलच जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा उमटवले होते. बलश्रीच्या लेखातील विजयाची गोष्ट या नाण्यांनी पक्की केली. त्यामुळे लेण्यांनंतर नाणी हाच क्रम ठेवावा.

परतताना सिन्नरला गोंदेश्वराचे यादवकालीन पंचायतन मंदिर (मुख्य मंदिराभोवती चार लहान मंदिरे) कार्यक्रमात असतेच. तिथे वेळ शिल्लक राहिला, तर चहाच्या टपरीवर न थांबता गावातीलच लहानसे ऐश्वर मंदिर पाहून यावे, आणि तसे चालकाला बस उभी करतानाच सांगून ठेवावे.